पैठणीचा रचनाकार : येवल्याच्या विणकामाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या लुगड्यांची नावे एकत्र मांडून पाहिली म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. पैठणी, इरकली, नारायणपेठी, चंदेरी, महेश्वरी, नागपुरी ही सारी नावे गावांची आहेत. ज्या मनुष्याने त्या वस्त्राचा काठ प्रथम बेतला किंवा पदरावर पहिला मोर बसविला, त्याचे नाव यांपैकी एकाही वस्त्रास चिकटलेले नाही. युरोपात गोष्ट निराळ्या दिशेने गेली. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या मूळच्या इंग्रज गृहस्थाने १८५८ मध्ये पॅरिस येथे आपली पेढी काढली आणि तेथे तयार होणाऱ्या पोषाखांच्या आतल्या बाजूस स्वतःच्या नावाची पट्टी शिवण्याचा प्रघात पाडला. वेशरचना हा एका व्यक्तीच्या प्रतिभेचा व्यवसाय आहे, ही कल्पना जगात रूढ झाली ती प्रामुख्याने तेव्हापासून. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील येवले येथील मागांवरून जी मोलाची वस्त्रे उतरत होती त्यांवर विणकराचे नाव तर नव्हतेच. पण येवल्याचेही नव्हते. ती पैठणच्या नावाने विकली जात आणि आजही जातात.

प्रस्तुत लेखाचा विषय या अनामिकतेतून निघतो. पैठणीस रचनाकार होता किंवा नाही? असल्यास तो कोण, आणि त्याचे काम कोणत्या रीतीने चाले? पैठणी ही परंपरेने ‘आपोआप’ घडलेली वस्तू आहे, तिची रचना कोणी केली असे म्हणता येणार नाही, असा एक समज प्रचलित आहे. हा समज वस्तुस्थितीस धरून नाही, असे आम्हांस वाटते. पैठणीचा सांगाडा स्थिर राहिला आणि त्या सांगाड्याच्या आत निवड करण्याचे स्वातंत्र्य मागावर बसलेल्या माणसाच्या हाती राहिले; तिच्या टिकाऊपणाचे मर्म यात आहे. म्हणूनच ते स्वातंत्र्य त्या हातून सुटले तर काय होईल, हा प्रश्न केवळ पुराणवस्तुप्रेमाचा राहत नाही.

२

प्रथम पैठणच्या प्राचीनतेविषयी. सातवाहनांच्या राजधानीपासून पैठणी रोमला जात असे, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते आणि त्यास आधार म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेचा हवाला दिला जातो. मूळ ग्रंथ काय सांगतो ते पाहणे अवश्य आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, अशी ही दोन नगरे त्यात येतात. परंतु पैठणहून भडोचला उतरणारा म्हणून जो माल सांगितला आहे तो गोमेदासारख्या खड्यांचा. साधे कापड आणि मलमली यांचा उल्लेख आहे तो तगराच्या संदर्भात. रेशमी जरतारी वस्त्राचा त्यात निर्देशही नाही. तेव्हा गोदावरीच्या खोऱ्यात कापडाचा मोठा व्यापार होता एवढेच या पुराव्यावरून सिद्ध होते. आज आपण जिला पैठणी म्हणतो त्या वस्त्राचे वय त्यावरून ठरविता येत नाही.

त्या वस्त्राचे स्वरूप स्पष्ट होऊ लागते ते पुष्कळ अलीकडे, मोगल आणि मराठी अमदानीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्रव्यवहारात असावली दुपट्ट्यांची मागणी आढळते आणि ते कोणकोणत्या रंगांचे असावेत हेही त्यात सांगितलेले असते. पैठणी म्हणजे केवळ लुगडे नव्हे, दुपट्टे आणि शेलेही त्यात मोडत, हे यावरून कळते. शिवाय ग्राहकाने रंग व जात सांगावयाची आणि वेलबुट्टीची मांडणी विणणाऱ्याने करावयाची, अशी कामाची वाटणीही त्यात दिसते. ‘असावली’ एवढा एक शब्द लिहून पुण्यातील कारकुनाचे काम भागत होते. त्या शब्दाचे वस्त्र करणारा दूर गोदाकाठी बसला होता.

३

येवल्याचा इतिहास हा याच व्यवस्थेचा इतिहास आहे. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात येवल्याच्या रेशीमधंद्याची हकीकत विस्ताराने दिली आहे. रघोजी नाईक यांनी सतराव्या शतकात हे गाव वसविले आणि शामदास वालजी नावाच्या गुजराती व्यापाऱ्यास तेथे आणून त्याच्या द्वारा विणकरांची वस्ती करविली, असे त्यात नमूद आहे. या पेढीस रेशमाच्या धंद्याची मक्तेदारी मिळाली. बाहेरच्या मनुष्यास या धंद्यात शिरावयाचे तर तिची संमती घ्यावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायालयाच्या निर्णयाने ही मक्तेदारी संपली, तोपर्यंत मधल्या काळात मोगल, सातारकर आणि पेशवे अशा तीन सत्ता येऊन गेल्या होत्या. पेशवाईत येवले विंचूरकरांच्या घराण्याकडे गेले. राज्ये बदलली तरी पेढी टिकली, ही गोष्ट अर्थेतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

विणकरांत साळी, कोष्टी व खत्री होते, तसेच मुसलमानही होते. कच्चे रेशीम चीन व बंगाल येथून मुंबईमार्गे येई. ते निवडून रहाटावर उकलणारे निराळे, पीळ देणारे निराळे, रंगारी निराळे. सोन्याचांदीची तार ओढणारे तारकस, ती ठोकून चपटी करणारे आणि चपटी तार रेशमी दोऱ्यावर गुंडाळून जर बनविणारे हे आणखी निराळे कारागीर होते. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि येवल्यास रेल्वेचे स्थानक मिळाले. मालाची ने-आण सोपी झाली. पण त्याच वाटेने गिरणीचे कापडही आले. पुढे जरीचा धंदा सुरतेकडे एकवटला आणि रेशमासाठी बंगळूरकडे पाहणे भाग पडले. येवल्यात मागे राहिले ते मुख्यतः विणकाम. कापसाच्या मागाचा गिरणीने जसा घास घेतला तसा पैठणीच्या मागाचा घेता आला नाही, याचे कारण तिच्या विणीत आहे आणि तिकडेच आता वळले पाहिजे.

४

पैठणीचा माग हा खड्ड्याचा माग होय. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, त्याचे पाय खड्ड्यात असतात आणि पायांनीच तो ताण्याचे धागे वरखाली करतो. ताणा एका लुगड्यापुरता भरीत नाहीत. एकदा मागावर चढविलेल्या ताण्यातून एकापाठोपाठ अनेक लुगडी उतरतात; तो संपत आला की नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्या टोकाशी पिळून सांधतात. याचा रचनेवर होणारा परिणाम महत्त्वाचा आहे. लुगड्याची रुंदी, काठाची जागा आणि अंगाचा उभा रंग या गोष्टी ताण्याबरोबर ठरून जातात व त्या सहसा लौकर बदलता येत नाहीत. उलट आडवा धागा, म्हणजे बाणा, विणकराच्या बोटांत असतो आणि प्रत्येक फेरीस तो बदलू शकतो. काठ स्थिर आणि पदर चल, हा पैठणीचा जो स्वभाव आपण रुचीचा किंवा परंपरेचा भाग समजतो, त्याचे मूळ मागाच्या या रचनेत आहे.

विणण्याच्या रीतीही दोन सांगतात. ‘एकधोटी’ विणीत एकच धोटा काठापासून काठापर्यंत जातो. ताण्याचा रंग एक व बाण्याचा दुसरा ठेवला तर अंगावर धूपछाव उमटते. ‘कडियल’ विणीत तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा व अंगाचा बाणा जेथे भेटतात तेथे ते एकमेकांत अडकवून परत फिरवावे लागतात. त्यामुळे काठाचा रंग अंगात उतरत नाही आणि अंगाचा काठात शिरत नाही. रंगांची नावेही स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी अशी आहेत. तांबड्या काठाची काळी चंद्रकळा, पोपटी रंगाचा राघू, शुभ्र शिरोदक ही त्यांपैकी काही.

पदराचे काम याहून बिकट. तेथे आकृतीतील प्रत्येक रंगासाठी, आणि एकच रंग दोन ठिकाणी आला तर प्रत्येक जागेसाठी, बाण्याची निराळी तिल्ली लागते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि परत फिरतो. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या डावीकडून उजवीकडे हाताने चालवाव्या लागतात. मग फणी ठोकावयाची आणि पुढची ओळ. दिवसभर बसून पदर काही बोटे पुढे सरकतो. धागा मागल्या बाजूस मोकळा सोडलेला नसतो. त्यामुळे अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी आकृती तशीच नीटस दिसते. यंत्रमागावर केलेल्या नकलेत मागच्या बाजूस सुटे किंवा कातरलेले धागे आढळतात. पारख करण्याची ही खूण येवल्यातील पोरासोरांसही ठाऊक असते.

आता प्रश्न असा की, या क्रियेत रचना कोठे संपते आणि विणणे कोठे सुरू होते? जुन्या पद्धतीत आकृती विणकराच्या स्मरणात असे. पुढे चौकटींच्या कागदावर काढलेली आकृती ताण्याखाली धरण्याची पद्धत आली. पण कागद असला तरी वळणाची प्रत्येक रेषा पायऱ्यांनी चढते आणि कोणत्या धाग्यावर पायरी घ्यावयाची, जरीच्या तेजाने फिका पडणारा रंग किती गडद ठेवावयाचा, पदराची लांबी संपत आली असता वेल कोठे मिटवावयाची, हे निर्णय मागावरच घ्यावे लागतात. त्यांस रचना म्हणावयाचे नाही तर मग रचना कशास म्हणावयाचे? विणकराच्या कामाचा दिवस अशा शेकडो लहान निर्णयांचा बनलेला असतो. त्यांची नोंद होत नाही. ते वस्त्रात मुरून जातात.

त्या दिवसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेशीम व जर बहुधा व्यापाऱ्याची, माग कधी स्वतःचा तर कधी दुसऱ्याचा आणि मजुरी नगावर. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते. भरगच्च पदराच्या लुगड्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक लागते. नग पुरा होईपर्यंत पोट उचलीवर भरावयाचे आणि हिशेबात ती उचल वळती व्हावयाची. तिल्ल्या भरणे, रेशीम उकलणे ही कामे घरातील स्त्रिया करीत आल्या आणि पुष्कळ घरांत त्यांचा मोबदला पुरुषाच्या मजुरीतच गणला गेला. एका नगावर अशा रीतीने दोघातिघांचे श्रम पडतात, परंतु व्यापाऱ्याच्या वहीत नाव एकाचेच येते आणि तेही बहुधा उचलीच्या रकमेपुढे.

५

पदर चल असतो असे वर म्हटले, त्याचा पुरावा आकृतींच्या नावांत सापडतो. कमळ, हंस व मोर ही एक जात. नारळी, पंखा व रुईफूल ही घरगुती मराठी जात. आणि ‘हुमा परिंदा’, ‘अमर परिंदा’ ही फारसी वळणाची जात. ही नावे म्हणजे एकावर एक साचलेले थरच आहेत. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे केंद्र बनले तेव्हा फुलवेलींची नवी भाषा या मागांवर आली. वाटोळ्या वलयात मोर बसविलेला ‘बांगडी मोर’ आणि पानाफुलांत पोपट बसविलेली ‘मुनिया’ यांनी पुढे एवढे बस्तान बसविले की आज त्यांच्याशिवाय पैठणीची कल्पनाच करवत नाही. ‘अजंठा कमळ’ हे नाव मात्र जपून वापरावे. अजिंठ्याच्या लेण्यांकडे विद्वानांचे लक्ष वळले ते १८१९ नंतर. त्या चित्रांच्या कीर्तीची छाया या नावावर पडली असावी, असे मानण्यास जागा आहे. नाव प्राचीन स्थळाचे असले म्हणून आकृती प्राचीन ठरत नाही.

विसाव्या शतकात पैठण निजामाच्या राज्यात असताना राजघराण्यातील ग्राहकांनीही आकृतींत भर घातल्याचे सांगतात. मीर उस्मान अलींची स्नुषा निलोफर हिचा उल्लेख या संदर्भात नेहमी केला जातो. ती या घराण्यात १९३१ मध्ये आली. तिने काय सुचविले याहीपेक्षा कथेतील गृहीत लक्षणीय आहे. राजस्त्रीने सुचविलेली आकृती तिच्या नावाने स्मरणात राहते, विणकराने बसविलेली आकृती मात्र ‘पारंपरिक’ ठरते.

यापेक्षा मोठा बदल घडला तो कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर नेसण्याच्या पद्धतीमुळे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर आणि सहावारी म्हणजे साडेपाच मीटर. कासोटा घातलेल्या नऊवारीत काठ अंगाभोवती फिरतो, पायाशी आणि पाठीशी दिसतो. वस्त्राची शोभा पुष्कळशी काठावर अवलंबून असते. सहावारीत निऱ्या समोर येतात आणि पदर खांद्यावरून मोकळा सुटतो. लांबी एक-तृतीयांशाने घटली आणि नजर काठावरून पदराकडे सरली. अंगावर दाट बुट्टे, रुंद पदर, काठांतही मोर-मुनियांची गर्दी, हे आजचे वळण या बदलाशी जुळणारे आहे. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथाने या विषयास समाजशास्त्राच्या कक्षेत आणले. नेसण्याची रीत आणि विणण्याची रीत यांचा परस्परसंबंध शोधण्याचे काम त्या वाटेने पुढे नेले पाहिजे.

यानंतरचा ग्राहक म्हणजे मराठी मध्यमवर्ग. शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेने हे वस्त्र घरातील आजीच्या आठवणीशी जोडले. तर २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाने ते बक्षीस म्हणून घरोघर नेले. पूर्वी जे सरदार-सावकारांच्या पेट्यांत असे, त्याची इच्छा आता सामान्य गृहिणी उघडपणे बोलून दाखवू लागली. ‘गोष्ट एका पैठणीची’ या चित्रपटाला २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, तो याच इच्छेच्या कथेला. मागणी वाढली, तसा स्वस्त नकलांचा पूरही आला. ‘सेमी पैठणी’ या नावाने यंत्रमागावरचे कापड विकले जाते. त्यात मोर आहेत, नारळी काठ आहे. नाही तो तिल्ल्यांनी घेतलेला निर्णय.

६

रचनाकार आणि विणकर हे दोन निराळे मनुष्य असावेत, ही व्यवस्था जगात नवी नाही. फ्रान्समध्ये १६६२ मध्ये गोबलँ येथे राजाश्रयाखाली पडदे विणण्याचा कारखाना उभा राहिला. तेथे चित्रकार शार्ल ल ब्रँ व त्याचे सहकारी पूर्ण आकाराची चित्रे काढीत आणि विणकर ती धाग्यांत उतरवीत. वीण पैठणीच्याच कुळातली, पण श्रेय चित्रकाराकडे गेले. आपल्याकडे अशी विभागणी शासकीय पातळीवर आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५६ पासून मुंबई व इतर शहरांत विणकर सेवा केंद्रे निघाली. पुपुल जयकर यांचा त्यांत पुढाकार होता. या केंद्रांनी चित्रकारांस नोकरीस घेतले. के. जी. सुब्रमण्यन् हे मुंबईच्या केंद्रात होते. प्रभाकर बरवे यांनी प्रथम वाराणसी व नंतर मुंबई येथील केंद्रांत दीर्घकाळ काम केले. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील या महत्त्वाच्या नावांचा चरितार्थ काही काळ हातमागाच्या कागदी आकृत्यांवर चालला, ही गोष्ट कलेच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. १९८६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आणि १९९५ मध्ये तिचे मुंबई केंद्र सुरू झाल्यावर रचनाकार हा पदवीधारक व्यावसायिक बनला. आज तो येवल्यास येतो, नवे रंग सुचवितो, पैठणीच्या पदराचे जाकीट किंवा ओढणी करतो आणि त्या वस्तूवर आपले नाव घालतो.

यात दोष आहे असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. अनेक रचनाकारांनी मागांस काम मिळवून दिले आहे आणि नवा रंग सुचविणे हेही ज्ञानाचेच काम आहे. परंतु एक भेद लक्षात ठेवावा. कागदावर आकृती देणारा आणि ती अक्षरशः उतरविणारा अशी फाळणी पूर्ण झाली की विणकराजवळ केवळ हात उरतात. हाताची जागा यंत्र घेऊ शकते. काठासाठी डॉबी-जॅकार्डचा उपयोग आता सर्रास होतो; तो पदरात शिरला तर विणकराचा मोल मागण्याचा आधारच नाहीसा होईल. गिरणीला पैठणी जिंकता आली नाही ती विणकराच्या निर्णयशक्तीमुळे. ही शक्ती कमी लेखणारी कोणतीही सुधारणा त्याला त्याच्या प्रतिस्पर्ध्यासमोर निःशस्त्र करील.

७

शेवटी नावाच्या प्रश्नाकडे परत येऊ. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ पासून अमलात आला. २०१० मध्ये पैठणीस त्याखाली नोंदणी मिळाली. तिच्यात पैठणच्या जोडीने येवल्याचाही समावेश झाला. गावाचे नाव ही मालमत्ता आहे, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. शतकानुशतके जे बाजारात चालत आले त्यास त्यामुळे अधिकृत रूप आले. पण तो विणकराची रचना विणकराच्या नावाने राखीत नाही. ते काम २००० च्या रचना अधिनियमाचे. तो नव्या रचनेस दहा वर्षे आणि वाढवून मिळाल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण देतो, मात्र रचना नवी व पूर्वी अप्रसिद्ध असली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेला बांगडी मोर या व्याख्येत बसत नाही आणि त्या मोराच्या मानेला येवल्याच्या एखाद्या विणकराने दिलेली नवी मुरड कार्यालयात नेऊन दाखविण्याइतका वेळ त्याला नसतो. पहिल्या कायद्यास त्याचे गाव दिसते आणि दुसऱ्यास त्याची नवलाई हवी असते. जुन्यात रोज थोडे नवे मिसळणारा मनुष्य दोन्हींच्या मधल्या फटीतून निसटतो.

अलीकडे येवल्यातील काही विणकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. कारण पुरस्काराच्या पत्रावर तरी विणणाऱ्याचे नाव लिहावेच लागते. परंतु पुरस्कार थोड्यांना मिळतात आणि इतिहास सर्वांचा असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. जुन्या पेढ्यांच्या वह्या, ताण्याखाली धरलेले चौकटींचे कागद, घरोघर पेट्यांत ठेवलेले पदर आणि येवले शहर व नागडे, बल्हेगाव यांसारख्या लगतच्या गावांतील वृद्ध विणकरांची साक्ष, ही सारी साधने आहेत. कागदास कसर लागते, साक्षीदार थकतात. एखादी आकृती कोणाच्या हातून प्रथम उतरली, कोणत्या घरात तिला कोणते वळण मिळाले, तिल्ल्या कोणी भरल्या, हे आजच विचारून ठेवले तर पैठणीच्या इतिहासात प्रथमच गावाच्या नावाशेजारी माणसांची नावे लिहिता येतील.